वडिलांच्या नावावरचा शोधनिबंध

माझा पहिला शोधनिबंध माझ्या वडिलांच्या नावावर आहे.

वडील लालबागच्या एका कापडगिरणीत साचे चालवत, म्हणजे मागावर कापड विणत. शाळेत गेले ते मालवणकडच्या गावात, चौथीपर्यंत. इंग्रजीशी त्यांचा संबंध गिरणीतल्या नोटिशींपुरता, आणि त्याही दुसरं कुणीतरी वाचून दाखवायचं. निबंध मात्र इंग्रजीत आहे, परदेशातल्या एका नियतकालिकात छापलेला आहे आणि त्याचा विषय आहे गणकयंत्र, म्हणजे आजचा कॉम्प्युटर. त्यात माझं नाव शोधायला गेलात तर दोन आद्याक्षरांपलीकडे काही हाती लागणार नाही. यात चूक कुणाची म्हणाल तर माझी. ती दुसऱ्या कुणावर ढकलायचा प्रयत्न मी बरेच दिवस मनापासून केला, पण जमलं नाही. आणि नावावरून एवढं रामायण घडल्यामुळे या लेखात कुणाचंच नाव घालायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मी गणितात एम.एस्सी. होऊन फोर्टातल्या एका संशोधन संस्थेत लागलो होतो. नेमणूक तात्पुरती, तीन वर्षांची. संस्थेत एक गणकयंत्र उभं राहत होतं. खोलीभर लोखंडी कपाटं, कपाटांत काचेचे शेकडो व्हॉल्व्ह, आणि त्यांच्या उष्णतेत घामाघूम झालेले आम्ही. पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी मला समोर बसवलं. साहेब दादरचे, परदेशात शिकून आलेले. आवाज कधी चढायचा नाही आणि शिपायालासुद्धा ‘अहो’ म्हणायचे.

“हे बघा, तीन वर्षांनी समिती बसेल. ती तुम्हाला दोनच गोष्टी विचारील. तुमच्या नावावर छापलेलं काय आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं का.”

“उपयोगी पडलं हे कसं कळणार, सर?”

“माणूस निबंध लिहितो तेव्हा शेवटी यादी देतो. कुणाकुणाकडून काय घेतलं, त्याची. अशा एखाद्या यादीत तुम्ही असायला हवं. नुसतं छापून काय होतंय? लग्नाच्या पत्रिकाही छापतातच की.”

यादीतल्या त्या उल्लेखाला आता सायटेशन म्हणतात आणि कुणाचे किती झाले ते बटण दाबल्यावर दिसतं. तेव्हा मोजायची साधनं दोनच होती, स्वतःचे डोळे आणि संस्थेचं ग्रंथालय.

घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, शब्द टाकून आले. गिरणीत टाइमकीपरच्या ऑफिसात पुढेमागे जागा होणार होती.

“तीन वर्सांनी नाय जमला, तर थंय ये,” ते म्हणाले. “हाजरी मांडूक पण गणित लागताच.”

त्यांनी हे प्रेमानेच म्हटलं. मी मात्र त्याच क्षणी मनाशी शपथ घेतली, की काय वाटेल ते होवो, मी हजेऱ्या मांडणार नाही. शपथ घ्यायला मी पहिल्यापासून चपळ.

यंत्राला एक खोड होती. व्हॉल्व्ह जळायचे. कधी तासाने, कधी चार तासांनी, नेम नाही. माझं गणित सलग सहा तास चालल्याशिवाय सुटणारं नव्हतं. पाचव्या तासाला एखादा व्हॉल्व्ह गेला, की तोवरचं सगळं पुसलं जायचं आणि परत पहिल्यापासून. असं ओळीने तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी तोंड पाडून घरी आलो, तेव्हा वडील पहिल्या पाळीहून येऊन, भुवयांवरचा कापूस पुसून चहा पीत बसले होते.

“काय झाला?”

“बंद पडलं.”

“मगे? दुरुस्त होवचा नाय?”

“दुरुस्त झालंय. पण उद्या परत पहिल्यापासून.”

“पयल्यापासून कित्याक?”

“कित्याक म्हणजे? मधेच बंद पडलं ना!”

वडिलांनी बशी खाली ठेवली आणि कामावर पहिल्यांदाच आलेल्या बदली कामगाराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“माझी पाळी संपली काय मी कापडार खूण करतंय. निळ्या पेनशिलीन. दोन रेघो नि एक टिंब. दुसऱ्या पाळीचो माझो जोडीदार थंयसून फुडे इनता. तो काय माझा कापड उसवून पयल्यापासून इनीत बसत नाय.”

“ते कापड आहे, बाबा. हे गणित आहे.”

“व्हय व्हय. तुमी शिकलेले. तुमी परत परत इना.”

आई आत भाकऱ्या थापत होती, ती हसली. मला राग आला. रागाच्या भरात मी चहासुद्धा घेतला नाही, आणि आजही मला वाईट वाटतं ते त्या चहाचं, कारण दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये भायखळ्याच्या आसपास माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्रालाही खूण करता येईल! ठरावीक वेळाने गणित थांबवायचं, तोवर निघालेले आकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून काढून घ्यायचे आणि पुढे चालू. व्हॉल्व्ह जळला तर शेवटची पट्टी यंत्राला भरवायची आणि तिथून पुढे धरायचं. मी इतका हरखलो, की उतरायचा थांबा मागे गेला आणि कंडक्टरने मला दोन शब्द ऐकवले.

आता प्रश्न राहिला, खुणा किती अंतराने करायच्या. फार जवळजवळ केल्या तर सगळा वेळ खुणा करण्यातच जाणार. फार लांब केल्या तर व्हॉल्व्ह जळल्यावर पुष्कळ काम वाया जाणार. ते नेमकं अंतर काढायचं सूत्र मी बसवलं. सूत्र माझं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. चार पानांचा निबंध झाला.

निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. मी विभागप्रमुखांचे मानले, व्हॉल्व्ह बदलणाऱ्या दोघा इंजिनियरांचे मानले, टायपिस्ट बाईंचे मानले. फणसवाडीत राहणारा माझा एक मित्र माझ्याच विभागात होता. त्याने आलेख काढायला फूटपट्टी दिली होती, म्हणून त्याचेही मानले. मग वडिलांची ओळ लिहिली. वाचली. आणि खोडली. परदेशातल्या एवढ्या मोठ्या लोकांपुढे गिरणीतला साचेवाला कसा उभा करायचा? लोक म्हणतील, ह्याला स्वतःला काही सुचत नाही, घरी बापाला विचारून येतो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. भर दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीवर असताना केलं.

त्यानंतर नाव घातलं. संस्थेत निबंधावर सगळे इंग्रजी रीतीने आडनाव शेवटी लिहीत. पण मला वाटलं, पहिलावहिला निबंध आहे, नाव कसं भारदस्त पाहिजे. मग शाळेच्या दाखल्यावर असतं तसं लिहिलं, गिरणीच्या हजेरीपटावर असतं तसं. आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. तीन शब्द एका ओळीत, मधे स्वल्पविरामसुद्धा नाही.

फणसवाडीकराने खांद्यावरून डोकावून बघितलं. “लेका, आडनाव शेवटी घाल. तिकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव धरतात.”

“माझ्या दाखल्यावर असंच आहे,” मी म्हणालो.

“निबंध त्या हेडमास्तरला पाठवतोयस का?”

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. फूटपट्टीचे आभार परत घ्यावेत असंही एकदा मनात येऊन गेलं.

आठ-नऊ महिन्यांनी बोटीच्या टपालाने पुडकं आलं. तेव्हा पद्धत अशी होती, की निबंध छापून आला की लेखकाला त्याच्या पंचवीस सुट्या प्रती मिळत. मी पेढे आणले, विभागातल्या सगळ्यांना गोळा केलं आणि त्यांच्यादेखत सुतळी कापली. शीर्षक बरोबर होतं. सूत्र बरोबर होतं. शीर्षकाखाली माझ्या आडनावाचं एक अक्षर होतं, माझ्या नावाचं एक अक्षर होतं, आणि त्यानंतर सबंध, ठसठशीत, वडिलांचं नाव.

“वा!” फणसवाडीकर तोंडात पेढा असतानाच म्हणाला. “वडील इथे कधी लागले रे? बोलला नाहीस ते!”

साहेबांनी एक प्रत हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला. “हे तुमचं नाव नव्हे.”

“वडिलांचं आहे, सर.”

“समितीपुढे ते येणार आहेत का?”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त धसका बसला. त्याच दुपारी मी संपादकांना विमानाच्या टपालाने पत्र धाडलं. निबंध माझा आहे, नाव चुकलं आहे, दुरुस्ती छापावी. चुकवलं कुणी, याविषयी पत्रात मोघम भाषा वापरली.

संध्याकाळी प्रती पिशवीत तळाशी घालून घरी आलो. पण वडिलांना कुठून तरी वास लागलाच.

“छापून इला? बघूया.”

त्यांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. “तुझा नाव खंय आसा?”

“इथे... ही दोन अक्षरं.”

“नि ह्या मोठा काय लिवलाहा?”

“ते तुमचं नाव.”

“माझा? कित्याक?”

“चुकून पडलं. दुरुस्तीचं पत्र पाठवलंय मी.”

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “बरा,” म्हणाले, आणि कोनाड्यातली निळी पेन्सिल घेऊन त्यांनी नावाखाली दोन रेघा मारल्या, पुढे एक टिंब दिलं. मग प्रतीची घडी करून ती खमिसाच्या खिशात ठेवली. “दुरुस्ती होयपर्यंत ह्या माझ्याकडे ऱ्हवांदे.”

पुढचं वर्षभर मी एक नेम पाळला. ग्रंथालयात नव्या अंकांचा गठ्ठा आला, की इतरांच्या आधी जाऊन बसायचं. प्रत्येक निबंधाचं शेवटचं पान काढायचं, यादीवर बोट ठेवायचं आणि माझ्या आडनावाच्या अक्षरापाशी यायचं. एकही नियतकालिक सोडलं नाही. ज्यांचा माझ्या विषयाशी काडीचा संबंध नव्हता, तीही बघितली. ग्रंथपालांनी एकदा न राहवून विचारलं, “तुम्ही वाचता कधी हो? सगळे अंक मागच्या बाजूनेच उघडता!”

उल्लेख एकही सापडला नाही. संपादकांचं उत्तरही आलं नाही. समिती दोन महिन्यांवर आली आणि घरी टाइमकीपरच्या जागेचा विषय परत निघू लागला. जितका तो निघे तितका मी पेटून उठे. जुने अंकही पुन्हा काढले आणि पहिल्यापासून चाळायला घेतले. परत परत विणत बसायची माझी सवय गेली नव्हती.

त्याच सुमारास एका दुपारी संस्थेत फोन आला. कचेरीतल्या कारकुनाने तो घेतला, “नाही, या नावाचे कुणी शास्त्रज्ञ आमच्याकडे नाहीत,” असं सांगितलं आणि ठेवणार, एवढ्यात तिथे उभ्या असलेल्या फणसवाडीकराने नाव ऐकलं. तो जिना चढून धापा टाकत माझ्याकडे आला.

“चल! तुझ्या वडिलांना धरलंय!”

“कशाबद्दल?”

“मोर्च्यात होते. पण पोलीस म्हणतायत, तुमचे शास्त्रज्ञ आमच्या चौकीत बसलेत!”

वडिलांना त्या दिवशी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी मोर्चा असला की ते जायचेच, सत्याग्रहातही बसायचे. झडतीत त्यांच्या खिशात निबंध सापडला होता. निबंधावर संस्थेचा पत्ता छापलेला होता, म्हणून फोन.

मी चौकीत पोचलो तेव्हा आवार सत्याग्रह्यांनी भरलं होतं. कुणी बसलं होतं, कुणी घोषणा देत होतं. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र” एकाने म्हणायचं आणि “झालाच पाहिजे” सगळ्यांनी. आत टेबलावर माझा निबंध पसरलेला, त्यावर वाकलेले फौजदार आणि एक वयस्क हवालदार. बाकावर गिरणीतल्या चार-पाच जणांबरोबर वडील. चेहरा असा, की दुसऱ्याच कुणाची तरी गंमत चालली आहे.

“हे कसलं पत्रक?” फौजदारांनी मला विचारलं.

“पत्रक नाही, साहेब. शोधनिबंध आहे. गणिताचा.”

“आणि ही निळी खूण कुठल्या गटाची?”

“साचाखात्याची.”

“चेष्टा करू नका. मी या गृहस्थांना विचारलं, हे कुणी लिहिलं. ते म्हणतात, मुलाने. नाव कुणाचं? तर त्यांचं. छापलं कुठे? तर परदेशात. मुलाने लिहायचं, बापाचं नाव घालायचं आणि परदेशात छापायचं? आम्ही काय खुळे आहोत? एका शब्दात सांगा, हे आहे कुणाचं?”

मी वर्षभर घोकलेलं वाक्य होतं. ‘माझं, नाव तेवढं चुकलं.’ पत्रात तेच लिहिलं होतं, साहेबांना तेच सांगितलं होतं, झोपेतसुद्धा म्हणू शकलो असतो. मी तोंड उघडलं आणि बाकाकडे नजर गेली.

“त्यांचं,” मी म्हणालो.

“मग लिहिलं कुणी?”

“लिहिलं मी. सुचलं त्यांना.”

वडिलांनी मान वर केली. शेजारचा कामगार त्यांच्या मांडीवर थाप मारून ओरडला, “आयला! लेखक निघाले हे! ओ लेखक, आमच्या वांगडा कशाक बसलास? तुमका खुर्ची व्हयी!”

हवालदाराला मात्र आता कुतूहल वाटायला लागलं होतं. “पण यात आहे काय, बाबा?”

“हवालदारानू,” वडील म्हणाले, “तुमची डूटी बदलता तेवा तुमी काय करतास?”

“काय म्हणजे? वहीत रेघ मारून सही करतो. पुढचा तिथून चालू करतो.”

“ह्याच ता.”

हवालदाराने टेबलावरच्या चार पानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग एवढं लिहायला चार पानं कशाला लागली?”

पुढे आयुष्यात माझे निबंध पुष्कळ तज्ज्ञांनी तपासले. इतका नेमका शेरा कुणीच दिला नाही.

फौजदारांनी निबंध परत केला. नावं टिपून घेऊन सगळ्यांना उजेड असतानाच सोडून दिलं. परळकडून आम्ही चालत निघालो. वाटेत वडिलांनी विचारलं, “दुरुस्ती इली?”

“नाही.”

“थंय बोललंस ता खरा?”

“खरं.”

“मगे आदी बोलूक काय झाला होता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राममध्ये मला पुन्हा एकदा उजेड पडला. माझ्या आयुष्यातले सगळे उजेड एक दिवस उशिरा पडलेले आहेत. पोलिसांनी संस्थेत कुणाची चौकशी केली? वडिलांची. मग परदेशातला माणूस मला कुठल्या नावाने ओळखणार? आणि मी वर्षभर यादीतलं कुठलं अक्षर बघत होतो?

ग्रंथालयात धावतच शिरलो. वडिलांच्या नावाचं अक्षर काढलं. दुपारपर्यंत तीन उल्लेख सापडले. त्यांतले दोन तर मी स्वतःच्या बोटाने ओलांडून पुढे गेलेल्या यादीत होते. तिसऱ्या निबंधात यादीपुरतंच नव्हतं. त्या लेखकाने आपल्या यंत्रावर ही रीत वापरली होती आणि गणित जिथे जिथे थांबवायचं त्या जागांना सरळ वडिलांच्या नावाने खुणा म्हटलं होतं. अमुकच्या खुणा. लालबागच्या साचेवाल्याचं नाव, अनेकवचनी, परदेशी व्याकरणात. मी ओरडलो. ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं. मी त्यांनाच मिठी मारली.

त्याच आठवड्यात संपादकांचं पत्र आलं. उशिराबद्दल क्षमा असावी, लेखकाच्या नावाची दुरुस्ती पुढच्या अंकात छापत आहोत, हरकत असल्यास ताबडतोब कळवावं.

“सुटलास!” फणसवाडीकर म्हणाला. “हे पत्र समितीपुढे ठेव. निबंध तुझा, तिन्ही उल्लेख तुझे, नोकरी पक्की.”

“मी हरकत कळवणार आहे.”

“कसली हरकत?”

“दुरुस्ती नको म्हणून.”

“डोक्यावर पडलास काय? तुझ्या नावावर मग राहिलं काय? टाइमकीपर होतोस का?”

“झालो तर होईन.”

हे वाक्य बोलायला सोपं होतं. पत्र लिहायलाही फारसं जड गेलं नाही. नाव आहे तसंच राहू द्या, असं लिहिलं, आणि पेटीत टाकलं. मग फोर्टातल्या भर रस्त्यात त्या पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंत जातो. पत्रापर्यंत पोचत नाही.

समितीत पाच जण होते, मधे आमचे साहेब. मी दाखला, निबंध आणि खुणेच्या चिठ्ठ्या घातलेले तीन अंक टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. कापडावरची खूण, नावाचा ताठा, आणि खोडलेली आभाराची ओळ.

एका सदस्यांनी विचारलं, “तुम्ही दुरुस्ती का होऊ दिली नाहीत?”

“चूक नावात नव्हती, सर. आभारात होती.”

“मग नेमणूक कुणाची करायची? तुमची की वडिलांची?” दुसरे म्हणाले. सगळे हसले.

साहेबांनी शिपायाला संस्थेचा हजेरीपट आणायला सांगितलं. पट आला. त्यात माझं नाव मी निबंधावर लिहून पाठवलं होतं तसंच होतं. आधी आडनाव, मग मी, शेवटी वडील. साहेबांनी पट निबंधाच्या शेजारी ठेवून दोन्हीवर बोट फिरवलं. “माणूस हाच आहे,” ते म्हणाले. “उल्लेख खरे आहेत. पण यांचं स्वतःचं डोकं किती, ते एका निबंधावरून मला कळत नाही. आणखी एक वर्ष देऊ. दुसरा निबंध आणा. आणि अहो, कुणाचं किती घेतलं, ते या खेपेला आधी लिहा.”

पक्की नोकरी नाही, पण टाइमकीपरही नाही. मी घरी आलो तो जवळजवळ उड्या मारत. वडिलांना वर्ष वाढवून मिळाल्याचं सांगितलं. मग मुख्य बातमी सांगितली, की त्या खुणांना आता परदेशात त्यांच्या नावाने ओळखतात.

मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते चपापले.

“माझ्या नावान? खोटा आसा ता.”

“खोटं काय त्यात? तुम्हीच सांगितलंत ना?”

“सांगितलंय मी. पण माका शिकयल्यान कोणी? माझ्या जोडीदारान. मी नवो होतंय, तेवा. दोन रेघो त्याच्यो. त्येका त्याच्या मामान दाखयलेल्यो. आमच्या दोघांची खूण वेगळी कळांदे म्हणान मी फुडे टिंब घातलंय. टिंब तेवडा माझा.” मग म्हणाले, “त्येचा नाव लिव. मामाचा पण लिव.”

साहेब तीन वर्षं मला जे शिकवत होते, ते वडिलांनी चहा निवायच्या आत सांगून टाकलं.

ते वर्ष मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. यंत्र जुनं होऊन जास्त वेळा बंद पडू लागलं तर खुणांचं अंतर कसं बदलत न्यायचं, यावर दुसरा निबंध लिहिला. या खेपेला आभार आधी लिहिले आणि सूत्र मागाहून. वडील, वडिलांचे जोडीदार, जोडीदारांचे मामा, तिघांचीही नावं पूर्ण घातली, गिरणीच्या हजेरीपटाच्या रीतीने. माझं नावही त्याच रीतीने घातलं, पण आता मुद्दाम. संपादकांनी लिहून विचारलं, की या शब्दांतली आडनावं कोणती ते कृपया कळवावं. मी कळवलं, की आहे तसंच छापा, इकडे आम्हाला समजतं.

मी नोकरीत कायम झालो, तोवर मुंबई महाराष्ट्रात आली होती. दुसऱ्या निबंधाचं पुडकं मी या खेपेला घरी आणून उघडलं. वडिलांनी स्वतःचं नाव बघितलंसुद्धा नाही. “त्येचा खंय आसा?” म्हणाले. मी दाखवलं. त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि जोडीदाराच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. टिंब दिलं नाही. प्रतीची घडी करून ती खिशात घातली, टोपी चढवली आणि स्वतःची सुट्टी असूनही जोडीदाराची दुसरी पाळी आत जायच्या वेळेला गिरणीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले.